आवाज आजोबांच्या नावावर

लॉन्ड्रीचे मालक कडकराव यांचं नाव त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नव्हतं, समोरच्या सलूनवाल्यानं ठेवलेलं होतं. त्या गल्लीत आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त विजेच्या बिलावर चालायचं. बाकी सगळा व्यवहार सलूनवाल्याच्या नावानं. हा गृहस्थ गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा अगदी हळुवार चालवायचा, पण जिभेच्या बाबतीत तेवढी काळजी घ्यायचा नाही. बँकेतल्या एका साहेबांची स्कूटर चढावर बंद पडली आणि पोरांनी ती ढकलली. एकदाच. तेव्हापासून साहेब 'धक्कामारे' झाले. बढती मिळाली तरी धक्कामारे, निवृत्त झाले तरी धक्कामारे. शाळेतल्या एक बाई ओल्या पायरीवरून सटकल्या, त्या 'घसरे' बाई. त्यांच्या हाताखालून डॉक्टर-इंजिनियर बाहेर पडले, पण गल्लीला आठवण राहिली ती पायरीची.

त्यातल्या त्यात कडकरावांचं नाव मानाचं होतं. खळ घातलेला पांढराशुभ्र सदरा घालून ते काउंटरमागे उभे राहिले, की आधी सदरा उभा राहिलाय आणि कडकराव मागाहून त्यात शिरलेत असं वाटायचं. हसायचेसुद्धा कॉलर मोडणार नाही इतपतच. जगात त्यांच्या मते दोनच जातीची माणसं होती, डाग पाडणारी आणि डाग न पाडणारी. पहिल्या जातीवर त्यांचं पोट चालायचं, पण आदर दुसरीबद्दल होता.

अशा माणसाला नातू झाला.

कडकराव इस्त्री केलेल्या लंगोटांची चळत घेऊन दवाखान्यात हजर झाले. स्वतःच्या मुलाचं लंगोट त्यांनी जन्मात कधी बदललं नव्हतं. त्या काळी दुकानात फार काम असायचं, आणि ते नेमकं पोर ओलं झालं की निघायचं. आता बायको हयात नव्हती आणि दुकान मुलगा बघत होता, तेव्हा कडकरावांनी लंगोटखातं आपल्याकडे घेतलं. म्हणजे बदलायच्या विहीणबाई. कडकराव फक्त उतरवलेलं लंगोट खिडकीच्या उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघायचे आणि समाधानानं मान हलवायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांना राहवेना.

"बघितलंत विहीणबाई? कालपासून एक डाग नाही. नुसतं पाणी. ते काय, वाळलं की गेलं."

विहीणबाई सुनेच्या उशाशी बसून बाळाचं पोट चाचपत होत्या. "ओलं होतंय ते ठीक आहे हो. पण शी?"

"नाही."

"अजिबात नाही?"

"आमच्या घराण्यात पहिल्यापासून टापटीप आहे."

"म्हणजे तुमच्या घराण्यात शी करत नाहीत?"

शेजारच्या खाटेवरची बाई हसली. कडकरावांनी तिच्याकडे तेलाच्या डागाकडे बघावं तसं बघितलं.

"व्याहीबुवा, मी चार पोरं वाढवलीत," विहीणबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी शी व्हावीच लागते. काळी, चिकट, डांबरासारखी. चौघांनाही झाली होती."

"तुमच्याकडे झाली असेल," कडकराव सौजन्यानं म्हणाले.

एवढ्यात बाळानं मान वळवली आणि हिरवीगार उलटी केली. कडकरावांच्या सदऱ्याच्या बाहीवर. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी डागाकडे बघितलं नाही, बाळाकडे बघितलं. पोट टम्म झालं होतं आणि कातडी ताणून चकाकत होती. "सिस्टर!" विहीणबाई ओरडल्या, आणि त्याच वेळी कडकरावही ओरडले. दोन्ही घराण्यांचं एकमत झालेली ही पहिलीच वेळ.

सिस्टर बोलत बोलतच आली. गेल्या वेळी तपासलं तेव्हा सगळं जागच्या जागी होतं, काही पोरं जरा उशीर लावतात, आपण बघू या, असं म्हणत तिनं बोटाएवढीही जाड नसेल अशी मऊ रबरी नळी घेतली, तिला तेल लावलं आणि बाळाचे पाय वर धरून हलकेच आत सरकवली. नळी थोडी गेली आणि थांबली. तिनं बाहेर काढून पुन्हा घातली. तिथंच थांबली. मग सिस्टर बोलायची थांबली.

लहान मुलांच्या सर्जनबाई स्वतःही चणीनं इतक्या लहान होत्या, की कडकरावांना प्रथम त्या कुणाच्या तरी सोबतीला आलेल्या वाटल्या. त्यांनी हातमोज्यांच्या पाकिटावर पेननं चित्र काढलं.

"हे बघा. बाहेरून दार आहे. चौकट आहे, कडी आहे, सगळं झकास आहे. म्हणून जन्मल्यावर कुणाला काही खटकलं नाही. पण दार उघडलं की आत लगेच भिंत."

"आणि भिंतीच्या पलीकडे?" मुलानं विचारलं. तो दुकानातून धावत आला होता आणि त्याच्या खांद्यावर कुणाची तरी उशीची खोळ तशीच राहिली होती.

"पलीकडे आतडं आहे. भरलेलं. बाहेर पडायला रांग लावून उभं आहे. अशा बहुतेक पोरांत दारच नसतं, ते लगेच दिसतं. दार असून आत भिंत असणं फार क्वचित. मी इतक्या वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी बघितलीत."

"आमच्याकडेच का पण?" कडकराव म्हणाले.

यावर विहीणबाईंच्या जिभेच्या टोकावर काय आलं, ते सगळ्यांना दिसलं. पण त्यांनी ते गिळलं. त्या कुटुंबासाठी त्यांनी केलेला हा पहिला मोठा त्याग.

"माझं काही चुकलं का?" सूनबाईनं खाटेवरून विचारलं. "खाण्यात, उठण्याबसण्यात?"

"काही नाही. पोटात घडतानाच अडलं. कुणाची चूक नाही."

"नक्की कुणाचीच नाही?" विहीणबाईंनी व्याह्यांकडे बघत विचारलं.

"नक्की."

"बरं," विहीणबाई जरा निराश होऊन म्हणाल्या.

मग तपासण्या झाल्या. अशा बाळांत एक गोष्ट बिघडली की कधी कधी सोबतीला दुसरीही बिघडलेली असते, म्हणून हृदय बघितलं, मूत्रपिंडं बघितली, मणके बघितले. प्रत्येक वेळी 'हे ठीक आहे' असा निरोप आला, की कडकराव एक खोल श्वास घ्यायचे आणि पुढच्या निरोपापर्यंत तो सोडायचे नाहीत. एक्स-रेसाठी बाळाला पालथं घालून बूड वर उचललं. पोटातला वारा वर चढून भिंतीला टेकतो आणि भिंत कुठवर आहे ते फोटोत दिसतं, अशी त्यातली युक्ती. युक्ती कडकरावांना पटली. पण घराण्याच्या नव्या वारसाचा पहिला फोटो असा निघावा, हे मनाला लागलं.

"उपाय आहे," सर्जनबाई म्हणाल्या. "तीन टप्प्यांत. आज पोटावर डाव्या बाजूला आतड्याचं तोंड उघडते, म्हणजे आधी पोट मोकळं होईल. काही महिन्यांनी पोर जरा भरलं, की भिंत काढून आतडं दाराला जोडायचं. ते नीट भरून आलं की पोटावरचं तोंड बंद. दाराचे स्नायू छान आहेत. सगळं जमलं तर मोठेपणी तो चारचौघांसारखा संडासला जाईल."

कडकराव पहिल्याच टप्प्यावर अडकले होते. "म्हणजे तोवर शी पोटावरून?"

"पिशवीत."

"सगळ्यांदेखत?"

"कपड्याच्या आत, आजोबा."

जन्मभर कपड्यांवरच विश्वास ठेवलेल्या माणसाला तेवढा एक शब्द पुरला.

ऑपरेशनच्या वेळी दोन्ही व्याही बाकाच्या दोन टोकांना बसले. मधे एक अख्खं कुटुंब मावलं असतं. बऱ्याच वेळानं सर्जनबाई बाहेर आल्या आणि त्यांनी मास्क खाली ओढला.

"झालं. उघडल्याबरोबर सगळं आलं."

"कुठे?" मुलानं विचारलं.

"टेबलावर, जमिनीवर. माझ्या बुटांवर."

कडकरावांनी तिकडे बघितलं. काळं, चिकट, डांबरासारखं. विहीणबाई म्हणाल्या होत्या हुबेहूब तसं. त्यांचे डोळे भरून आले. "द्या इकडे ते बूट," ते म्हणाले, "मी धुऊन देतो." सर्जनबाईंना वाटलं म्हातारा थट्टा करतोय. तो करत नव्हता.

बाळ घरी आलं आणि कडकरावांना खरी धास्ती लागली ती गल्लीची. पोराच्या पोटावर लालचुटुक तोंड आहे आणि त्यावर पिशवी आहे, हे सलूनवाल्याला कळलं की संपलं. पोटावरची जखम भरून येईल, पण सलूनवाल्यानं चिकटवलेलं नाव कुठल्या सर्जनला काढता आलंय? पोर शाळेत जाईल, नोकरी करेल, त्याला पोरंबाळं होतील, आणि म्हातारपणी काठी टेकत निघाला तरी लोक त्याला पिशवीवरूनच हाक मारतील. "कुणाला काही सांगायचं नाही," कडकरावांनी घरात हुकूम काढला. "बरा होईपर्यंत एक अक्षर नाही. झाल्यावरही नाही."

पिशवी बदलायला सूनबाई चटकन शिकली. तोंडाच्या मापाचं भोक कापायचं, कातडी पुसून कोरडी करायची, पट्टी दाबून बसवायची. मुलगा मदतीला असायचा, पण एकाच डोळ्यानं बघायचा. कडकरावांनीही आपला अनुभव पुढे केला. "नीट चिकटत नसेल तर वरून हलकीशी इस्त्री…" हे वाक्य त्यांना पुरं करू दिलं नाही.

सगळं कपड्याच्या आत झाकलं जात होतं. आवाज तेवढा झाकला जात नव्हता. पोटावरच्या तोंडाला ना दार ना कडी. वारा आला की निघाला. सर्जनबाईंनी हे आधीच सांगितलं होतं, पण सांगितलेलं वेगळं आणि सलूनवाला समोर बसलेला असताना ऐकलेलं वेगळं.

तो धक्कामाऱ्यांना घेऊन बाळ बघायला आला होता. कडकरावांनी दुपट्यात गुंडाळलेलं बाळ मांडीवर धरलं होतं. "नाक तुमच्यावर गेलंय," धक्कामारे म्हणत होते, तेवढ्यात ओल्या फरशीवरून कुणी जड खुर्ची ओढावी तसा आवाज झाला.

सलूनवाल्यानं ओठाला लावलेला कप खाली घेतला. त्याची नजर दुपट्याकडे वळू लागली. एवढ्याशा जिवातून एवढा आवाज, आणि तोही पुढच्या बाजूनं! आता हा विचारणार. दुपटं जरा सैल करा म्हणणार. बघणार.

"माफ करा," कडकराव म्हणाले. "माझा."

कॉलरची घडीसुद्धा हलली नाही. धक्कामाऱ्यांनी छताकडे बघितलं. सलूनवाल्यानं मात्र कडकरावांकडे असं बघितलं, की जणू एखाद्या शिल्पकाराला चांगला दगड सापडलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी गल्लीत 'कडकराव गडगडे' हे संपूर्ण नाव चालू झालं होतं.

पुढचे महिने कडकरावांनी कसे काढले ते त्यांचं त्यांना ठाऊक. आल्यागेल्यापुढे, जिन्यात, दवाखान्याच्या रांगेत, जिथं जिथं बाळानं आवाज काढला तिथं तिथं तो त्यांनी आपल्या नावावर घेतला. "माफ करा, माझा." लॉन्ड्रीत गिऱ्हाइकं कपडे ठेवून दोन पावलं मागे सरकू लागली. बँकेत लोक त्यांना आपण होऊन पुढे जाऊ देऊ लागले. घसरे बाईंनी कोमट पाण्याचे फायदे समजावून सांगितले. कुणी ओवा दिला, कुणी गुडघे पोटाशी घेऊन झोपायचा सल्ला दिला. एकानं तर आपल्या दिवंगत काकांचं उदाहरण दिलं आणि ते दिवंगत कसे झाले तेही सांगितलं. कडकराव सगळ्यांचे आभार मानायचे.

एकदा पाहुणे गेल्यावर विहीणबाई स्वयंपाकघराच्या दारात घुटमळल्या.

"व्याहीबुवा, आज तुम्ही दोन घेतलेत नावावर."

"घ्यावेच लागले. आपलं पोर आहे."

"पहिला पोराचा होता."

"आणि दुसरा?"

विहीणबाईंनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. "तुम्ही माणूस चांगले आहात," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

दुसरं ऑपरेशन झालं. भिंत गेली, आतडं दाराशी जोडलं गेलं. जोड आकसू नये म्हणून रोज घरी धातूची गुळगुळीत सळई घालून वाट मोकळी ठेवायची होती. त्या वेळी मुलाला दुकानात तातडीचं काम निघू लागलं, बापाचा गुण. सूनबाई मात्र गाणं गुणगुणत सळई गरम पाण्यात धुवायची, तेल लावायची आणि काम उरकायची. पोरही एखाद्या जुन्या गिऱ्हाइकासारखं निमूट पडून राहायचं.

मग तिसरं, शेवटचं. पोटावरचं तोंड बंद करायचं. घराला कुलूप लावून सगळे दवाखान्यात मुक्कामाला निघाले, तेव्हा गल्लीला काहीतरी सांगणं भाग होतं. कडकरावांनी काही सांगितलं नाही, नुसता पोटावर हात ठेवला. "अखेर ऑपरेशन का?" धक्कामाऱ्यांनी हळू आवाजात विचारलं. कडकरावांनी मान खाली घातली. जिन्यापासून गाडीपर्यंत गल्लीनं त्यांना हाताला धरून नेलं.

ऑपरेशन नीट पार पडलं. पण सर्जनबाई हसल्या नाहीत.

"आता वरचं दार बंद आहे. जे जायचं ते खालच्या दारानं, जन्मात पहिल्यांदा. खालून वारा सरला की दूध सुरू. तोवर तोंडात थेंब नाही, सलाइनवर राहील."

"आणि नाही सरला तर?" सूनबाईनं विचारलं.

"वाट बघू. पोट फुगायला लागलं तर फोटो काढू."

"आणि मग? परत पोटावर?"

"आधी वाट बघू," सर्जनबाई म्हणाल्या. म्हणजे हो.

चौघं पाळण्याभोवती बसली आणि कान देऊन ऐकू लागली. गाण्याच्या मैफलीतही माणसं इतकं मन लावून ऐकत नाहीत. खुर्ची करकरली की चौघंही उठायची. पोर भुकेनं टाहो फोडत होतं, आणि त्याच्या टाहोत खालचं काही बुडून जाईल म्हणून विहीणबाई त्याला "गप रे राजा, गप, ऐकू दे" म्हणून विनवत होत्या. पोटाचा घेर कालच्यापेक्षा वाढलाय की नाही, यावर मुलाचं आणि सुनेचं कुजबुजत भांडण झालं. कडकरावांनी सदऱ्याचं वरचं बटण काढलं. ते नागडे झाले असते तरी मुलाला इतका धक्का बसला नसता.

पोर रडून दमलं, जरा डोळा लागला, आणि त्या शांततेत एक छोटासा, नाजूक आवाज झाला.

"झाला!" कडकराव उठून उभे राहिले. "सिस्टर! झाला! दूध आणा!"

सिस्टर आली. "कुणी ऐकला?"

"सगळ्यांनी," सगळे म्हणाले.

"कुणाचा?"

मुलानं पायाकडे बघितलं. "बाबा," तो हळूच म्हणाला, "खरं सांगा हं."

"त्याचा! माझा नव्हता!"

"आजोबा," सिस्टर म्हणाली, "गेले कित्येक महिने ओपीडीत प्रत्येक वेळी तुम्हीच हात वर करताय. आमच्याकडे सगळे ओळखतात तुम्हाला."

"ते खोटं होतं!"

"मग आजचं खरं कशावरून?"

सिस्टरनं बाळाच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला. आत गुरगुर होती. "पण आत गुरगुरून भागत नाही. बाहेर आलंय याची खात्री झाल्याशिवाय मी दूध देणार नाही. खाली वाट मोकळी नसताना वरून भरलं तर याच्याच जिवावर बेतेल." तिनं दाराकडे बोट केलं. "तुम्ही जरा बाहेर बसा. म्हणजे जे होईल ते कुणाचं, हा प्रश्नच नको."

कडकराव उठले. दारापाशी जाऊन त्यांनी एकदा विहीणबाईंकडे वळून बघितलं. विहीणबाईंनी आढ्याकडे बघितलं, पंख्याकडे बघितलं. मग पर्स उचलली आणि त्याही मुकाट्यानं बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

बाहेर भिंतीवर रंगवलेली अस्वलं फुगे घेऊन उभी होती. त्यांच्या पुढ्यात दोन्ही व्याही उभे. आणि जिन्यावरून सलूनवाला आला. हातात भलीमोठी बाटली.

"कडकराव! अहो, उभे कसे तुम्ही? सगळा दवाखाना शोधून आलो. मोठ्यांच्या वॉर्डात म्हणाले असा पेशंटच नाही." त्यानं बाटली पुढे केली. "पोटाचं चूर्ण. सगळ्या गल्लीनं मिळून आणलंय. झालं ना ऑपरेशन?"

"झालं."

"दुखतंय का फार?"

"मला काही जाणवलं नाही," कडकराव म्हणाले. ते खरंच होतं.

सलूनवाल्यानं अस्वलांकडे बघितलं. फुगे मोजल्यासारखी त्याची मान हलली. "पण हा तर लहान मुलांचा…"

आणि बंद दाराआडून आवाज आला. लांबलचक, खणखणीत, मधे जरा दम घेऊन पुन्हा उचललेला आणि शेवटी वरच्या पट्टीत गेलेला.

सलूनवाल्यानं सवयीनं कडकरावांकडे सहानुभूतीनं बघितलं. कडकरावांचंही तोंड सवयीनं उघडलं. "माफ क…" एवढे शब्द बाहेर पडलेसुद्धा.

दार धाडकन उघडलं. "आजोबा!" सिस्टर म्हणाली. "तुमचा?"

एका बाजूला मान उंचावून उभी असलेली सिस्टर, दुसऱ्या बाजूला बाटली घेतलेला सलूनवाला. हो म्हटलं तर आत पोर उपाशी. नाही म्हटलं तर बाहेर गल्ली शहाणी. इतके महिने राखलेलं सगळं या एका उत्तरात जाणार होतं. कडकरावांना विचार करायला क्षणभरही लागला नाही.

"माझा नाही," ते म्हणाले. "माझा एकही नव्हता. सगळे त्याचे."

"कुणी साक्षीदार?"

"मी आहे की," विहीणबाई म्हणाल्या.

"नात्यातले चालत नाहीत."

सलूनवाल्यानं बाटली काखेत मारून हात वर केला. "मी यांना चिकटून उभा होतो, सिस्टर. शपथेवर सांगतो. इकडून काही निघालेलं नाही. आवाज…" तो थांबला. त्याची भुवई वर गेली. "आवाज यांच्याच घरचा आहे. ओळखीचा आहे. पण आला आतून."

"आणि आवाजावर भागलेलं नाही!" आतून मुलगा ओरडला. "सिस्टर, इकडे या! दोन्ही डोळ्यांनी बघतोय मी! केली! भरपूर केली!" त्याच्या पाठोपाठ सूनबाईचं हसू आलं, आणि ते हसता हसता रडण्यात गेलं. "सर्जनबाईंना फोन लावते आणि दूध सांगते," म्हणत सिस्टर आत पळाली.

कडकराव अस्वलांच्या खालच्या बाकावर बसले. सदऱ्याला चुण्या पडल्या, त्यांनी पडू दिल्या. सलूनवाला शेजारी बसला. गल्लीचं नामकरणखातं चालवणाऱ्या माणसाला बेरीज करायला किती वेळ लागणार? त्यानं एकेक आवाज आठवून बघितला असावा, कारण मधे मधे त्याची मान हलत होती.

"त्या दिवशी धक्कामाऱ्यांसमोर?"

"तो."

"जिन्यात?"

"तोच. पोटावर पिशवी होती त्याच्या. जन्मतः आतली वाट बंद होती. आता उघडली." कडकरावांनी हात जोडले. जन्मभर वाकले नव्हते तेवढे वाकले. "मला काय म्हणायचं ते म्हणा. मरेपर्यंत गडगडे म्हणा. पण पोराला काही नाव देऊ नका. तुमच्या पाया पडतो."

सलूनवाल्यानं नवल केल्यासारखं त्यांच्याकडे बघितलं.

"पोराला? कशावरून देऊ? केलंय काय त्यानं?"

"आत्ता ऐकलंत की तुम्ही."

"ते होय?" सलूनवाला म्हणाला. "ते सगळेच करतात."

कडकरावांनी जोडलेले हात सोडले. आतून बाळाच्या चुटुचुटु पिण्याचा आवाज येऊ लागला, तेव्हा सलूनवाला उठला आणि काखेतल्या बाटलीकडे त्याचं लक्ष गेलं.

"मग हिचं काय करू? गल्लीनं मनापासून दिलीय. परत नेली तर वाईट वाटेल लोकांना."

"आणा इकडे," विहीणबाई म्हणाल्या, आणि त्यांनी बाटली पर्समध्ये घातली.